हंस एव्हरेस्टवरून उडतात का? एका स्लाइडचा इतिहास

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या इंडक्शन कार्यक्रमात एक स्लाइड हमखास असते. निळे आकाश, त्यात व्ही आकारात उडणारे हंस आणि खाली तीन ओळी. एकत्र उडाल्याने ७१ टक्के ऊर्जा वाचते. पुढचा दमला की मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. मागचे हंस ओरडून पुढच्याला हुरूप देतात. मी हावड्याजवळच्या एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. ही स्लाइड मीही सात-आठ वर्षे दाखवली, आणि तिच्यात स्वतःची एक भर घातली होती: हेच हंस एव्हरेस्टवरून उडत जातात. या वाक्याला टाळ्या पडायच्या.

दोन वर्षांनी त्याच वर्गाला मी फ्लुइड मेकॅनिक्स शिकवत असताना एका मुलीने विचारले, "सर, ते एकाहत्तर टक्के मोजले कसे? हंसाला मीटर लावला होता का?" वर्ग हसला. उत्तर माझ्याकडे नव्हते. ही टिपणे म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते शोधायला मला फार लांब जावे लागले नाही, कारण या प्रश्नाचा पहिला शंभर वर्षांचा इतिहास आमच्या कॉलेजपासून नदीपलीकडे, कोलकात्यातच घडला आहे.

आपला हंस कोणता, ते आधी ठरवून घेऊ. इंग्रजीतला 'बार-हेडेड गूज', मराठी पक्षिमित्रांचा पट्टकदंब हंस. अंग राखाडी, डोके पांढरे, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, वजन साधारण दोन ते तीन किलो. हा उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेट आणि चीनच्या छिंगहाय भागातल्या सरोवरांकाठी पिल्ले वाढवतो आणि हिवाळ्यात भारतात उतरतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना तो जायकवाडी किंवा उजनीच्या पाणथळीत दिसेल, ओडिशातल्यांना चिलिका सरोवरावर, तमिळनाडूतल्यांना कून्थनकुलमला. म्हणजे वर्षातून दोनदा त्याला हिमालय ओलांडावा लागतो. तो कसा ओलांडतो, हा आपला प्रश्न.

बंदूक, बाजार आणि संग्रहालय

या पक्ष्याला शास्त्रीय नाव १७९० साली इंग्लंडच्या जॉन लॅथम यांनी दिले. लॅथम भारतात कधी आले नाहीत. भारतातून गेलेले नमुने आणि चित्रे यांवरून ते नावे देत. त्याच्या सहाच वर्षे आधी, १७८४ मध्ये, विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली होती. १८१४ मध्ये सोसायटीचे संग्रहालय झाले, आणि १८४१ मध्ये त्याचा अभिरक्षक म्हणून एडवर्ड ब्लिथ लंडनहून आले. पगार तुटपुंजा, काम डोंगराएवढे. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी देशभरातून येणाऱ्या कातड्यांवर चिठ्ठ्या लावल्या, त्यांची सूची केली, आणि पगार पुरत नसल्याने जिवंत प्राण्यांच्या व्यापारातही हात घातला. डार्विन त्यांना प्रश्न पाठवीत. पाळीव हंस आणि चिनी हंस यांच्या संकराचे अख्खे कळप भारतात पाळले जातात, ही माहिती डार्विनच्या 'ओरिजिन'मध्ये ज्या दोन माणसांच्या भरवशावर दिली आहे, त्यांतले एक ब्लिथ होते.

ब्लिथ यांचे मोठे साधन होते कोलकात्याचा बाजार. हिवाळ्यात बंगालभरच्या बिल-झिलांतून जाळ्यात पकडलेली बदके आणि हंस इथे खाण्यासाठी विकायला येत, आणि सकाळी सकाळी बाजारात फेरी मारणे हा इथल्या पक्षिशास्त्रज्ञाचा प्रयोगशाळेत जाण्यासारखा नेम होता. पुढे १८९० च्या दशकात भारतीय संग्रहालयातले फ्रँक फिन यांनीही तेच केले. 'बेअरचा पोचार्ड' नावाचे पूर्व आशियातले बदक भारतात येते, हे त्यांना कुठल्या मोहिमेत कळले नाही. ते कोलकात्याच्या बाजारात विकायला आलेले त्यांनी ओळखले.

तिसरे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. इतिहासाच्या पुस्तकात ते एका वाक्यात येतात आणि जातात. त्याआधीची त्यांची पंधरा वर्षे पक्ष्यांत गेली, हे त्यात नसते. १८७२ मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले. ते स्वतः सिमल्याला, छपाई कोलकात्यात. वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे अभियंते असे कितीतरी लोक त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यांतून नोंदी आणि कातडी पाठवीत. मार्शल यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात कोलकात्यातून निघाला. हिंदुस्थानातल्या सर्व पक्ष्यांवर त्यांना याहून मोठा ग्रंथ लिहायचा होता. त्याची हस्तलिखिते १८८३ च्या सुमारास, ते घरी नसताना, नोकराने रद्दीत विकली. ह्यूम यांनी त्यानंतर पक्ष्यांवर काम करणे जवळजवळ सोडले आणि ऐंशी हजारांवर कातडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. प्रोजेक्ट रिपोर्टचा बॅकअप घ्या म्हणून मी दर वर्षी ओरडतो तेव्हा ही गोष्ट सांगतो.

या सगळ्या प्रचंड कामातून हंसांच्या उड्डाणाविषयी काय कळले? ते येतात केव्हा आणि जातात केव्हा, हे कळले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमुक जिल्ह्यात दिसले, मार्च-एप्रिलनंतर दिसेनासे झाले. हजारो नोंदींतून आगमन-निर्गमनाचा नकाशा उभा राहिला. पण मेलेला हंस आपण कुठून आलो, किती उंचीवरून आलो, एकट्याने आलो की घोळक्याने, यातले काहीच सांगत नाही. बंदुकीने मिळणारी माहिती एका बिंदूची असते: ही जागा, ही तारीख. तुमच्या भाषेत सांगायचे तर एकच डेटा पॉइंट. त्यावरून रेषा काढता येत नाही.

दोन बिंदू

दुसरा बिंदू मिळाला तो पक्ष्याच्या पायात घातलेल्या कड्यामुळे, ज्याला आपण रिंगच म्हणतो. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हिबॉर्ग गावी मॉर्टेन्सेन नावाच्या एका शिक्षकाने साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. कल्पना एवढीच, पण तिने पक्षिशास्त्र बदलले. भारतात १९२०च्या दशकात हा प्रयोग झाला तो माळव्यातल्या धार संस्थानात. मराठी वाचकांना धारचे पवार परके नाहीत. तिथे रिंग घातलेल्या रानबदकांनी हिमालयापलीकडचे पत्ते कळवायला सुरुवात केली.

मोठे काम १९५९ नंतर झाले. कर्नाटकातल्या क्यासानूर जंगलात दोन वर्षांपूर्वी एक नवा विषाणुजन्य ताप सापडला होता. त्याचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला असेल का, हे जागतिक आरोग्य संघटनेला हवे होते. त्या निमित्ताने मुंबईच्या बीएनएचएसने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांना कडी घातली. पुढच्या टप्प्यात त्याला अमेरिकी लष्कराचा पैसा आला, आणि सत्तरच्या दशकात त्यावरून संसदेत गदारोळही झाला. तो वेगळा विषय आहे. कड्यांवर 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' असे इंग्रजीत कोरलेले असे. मध्य आशियातल्या कुणा शिकाऱ्याने ते वाचायचे, कळवायचे, आणि मुंबईत नकाशावर एक टाचणी लागायची.

आता बिंदू दोन झाले. पण दोन बिंदूंमधून पट्टीने रेषा काढली म्हणजे पक्षी त्या रेषेवरून उडाला असे होत नाही. भरतपूर ते मंगोलिया रेषा काढा, ती हिमालयाच्या माथ्यावरूनच जाणार. पाठ्यपुस्तकांतले बाण असेच काढलेले असत. एव्हरेस्टच्या कथेचे मूळ काही अंशी या पट्टीत आहे असे मला वाटते.

बराकपूर ट्रंक रोडवरचा माणूस

इथे पुन्हा कोलकात्यात येऊ. १९५७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन इंग्लंड सोडून कोलकात्यात, बराकपूर ट्रंक रोडवरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये उभारलेली. हॉल्डेन धोतर-कुर्ता घालत, मांसाहार सोडलेला, पुढे भारताचे नागरिक झाले. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध दोन ठिकाणी येतो.

पहिला संबंध त्यांच्या १९२६ मधल्या प्राण्यांच्या आकारमानावरच्या निबंधाचा. त्यात त्यांनी एक हिशेब केला आहे, तो वहीत करून पाहा. एकाच घडणीचे दोन उडणारे प्राणी घ्या, दुसऱ्याची लांबी पहिल्याच्या चौपट. वजन लांबीच्या घनाने वाढते, म्हणजे ६४ पट. पंखांचे क्षेत्रफळ वर्गाने, म्हणजे १६ पट. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट भार आला. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने हवेत टिकायला वेग दुप्पट हवा. लागणारी शक्ती वजन गुणिले वेग या प्रमाणात, म्हणजे १२८ पट. वजन ६४ पट, गरज १२८ पट. स्नायू मात्र वजनाच्याच प्रमाणात वाढणार. म्हणून चिमणी सहज फडफडते, आणि तीन किलोच्या हंसाला नुसते हवेत राहण्यासाठीही आपल्या स्नायूंच्या मर्यादेजवळ राबावे लागते. गिधाड आणि करकोचा यावर तोड म्हणून पंख पसरून गरम हवेच्या झोतांवर तरंगतात. हंस तसे करत नाही, तो सारा वेळ पंख मारतो. हंसाचे स्थलांतर हा मुळात शक्तीच्या तुटवड्याचा प्रश्न आहे.

दुसरा संबंध पद्धतीचा. १९५९ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये हॉल्डेन यांचा पक्ष्यांच्या अहिंसक शास्त्रीय अभ्यासावरचा लेख आला. भारतातल्या संशोधकाला महागडी उपकरणे नसली तरी पक्षी न मारता, नुसते पाहून आणि मोजून पहिल्या दर्जाचे विज्ञान करता येते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे विद्यार्थी-सहकारी सुरेश जयकर यांनी माळटिटवीच्या वीणीचा अभ्यास त्याच रीतीने केला. ज्या शहरात शंभर वर्षे कातड्यांवर चिठ्ठ्या लागल्या, त्याच शहरातून हे म्हटले गेले, हे मला लक्षणीय वाटते. ब्लिथ आणि ह्यूम यांना कमी लेखायचे नाही. कातड्यांशिवाय जाती वेगळ्या करताच आल्या नसत्या. पण उड्डाण ही क्रिया आहे. ती चालू असतानाच मोजावी लागते.

१९७०

आता स्लाइडवरच्या दोन्ही दाव्यांकडे वळू. शोधताना कळले की दोघांचाही उगम १९७० साली छापलेल्या मजकुरात आहे. त्यामुळे ते साल माझ्या डोक्यात पक्के बसले आहे.

पहिला दावा व्ही आकाराचा. आपल्याकडे बगळ्यांची माळ म्हणतात तीच रचना. तिचे वायुगतिक कारण १९१४ मध्ये ग्योटिंगेनच्या कार्ल विझेल्सबर्गर यांनी मांडले, म्हणजे विमाने नुकती उडू लागली होती तेव्हा. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. टोकाशी हवा खालून वर वळते आणि भोवरा तयार होतो. या भोवऱ्यामुळे पंखाच्या थेट मागची हवा खाली ढकलली जाते, तर टोकाच्या बाहेरची हवा वर उचलली जाते. खाली जाणाऱ्या हवेमुळे जो रोध निर्माण होतो तो इंड्यूस्ड ड्रॅग. मागच्या पक्ष्याने आपल्या पंखाचे टोक पुढच्याच्या टोकामागच्या वर जाणाऱ्या हवेत ठेवले, तर त्याला थोडी लिफ्ट फुकट मिळते. थेट मागे उडाला तर उलट तोटा. म्हणून तिरकी रांग.

१९७० मध्ये अमेरिकेतले लिसामन आणि शोलेनबर्गर यांनी 'सायन्स'मध्ये याचा हिशेब दिला: २५ पक्षी व्ही आकारात उडाले तर एकट्या पक्ष्यापेक्षा सुमारे ७१ टक्के जास्त अंतर कापू शकतील. हाच तो आकडा. आता तीन गोष्टी पाहा. हा सिद्धांतातून काढलेला आकडा आहे, कुणी हंसाला मीटर लावलेला नव्हता. त्यात पंख न हलणारे, विमानासारखे धरले होते आणि पक्षी अगदी नेमक्या जागी. आणि आकडा अंतराचा आहे, ऊर्जेचा नाही. तेवढ्याच ऊर्जेत १.७१ पट अंतर म्हणजे दर किलोमीटरला १ भागिले १.७१, म्हणजे ०.५८५ पट ऊर्जा. बचत सुमारे ४१ टक्के झाली. ७१ नव्हे. हा भागाकार मी सात-आठ वर्षांत एकदाही केला नाही, आणि मी दर वर्षी मुलांचे अशाच चुकांचे गुण कापतो. (या दोघांपैकी लिसामन यांनीच पुढे माणसाच्या पायडलवर उडणाऱ्या 'गॉसमर काँडॉर' विमानाच्या पंखाचा छेद आखला. ते विमान १९७७ मध्ये उडाले. माणूस म्हणून ते पक्केच होते, घोळ आपल्या वाचण्यात झाला.)

मग खरी बचत किती? १९९४ मध्ये कट्स आणि स्पीकमन यांनी गुलाबी पायांच्या हंसांच्या थव्यांचे खालून फोटो काढून प्रत्येक पक्ष्याची जागा मोजली. बहुतेक पक्षी आदर्श जागेपासून बरेच सरकलेले निघाले. हिशेबाने इंड्यूस्ड पॉवरमधली बचत सरासरी १४ टक्के आली, आणि एकूण शक्तीतली फक्त २.४ टक्के. ७१ कुठे आणि २.४ कुठे! पण हाही हिशेबच होता. प्रत्यक्ष शरीरावर मोजमाप आले ते २००१ मध्ये, वाइमर्सकिर्च आणि सहकाऱ्यांनी सेनेगलमध्ये चित्रपटासाठी माणसाळवलेल्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा. थव्यात उडताना ठोके एकट्यापेक्षा ११ ते १४ टक्के कमी. बचतीचा काही भाग असा, की थव्यात पेलिकन पंख न मारता जास्त वेळ तरंगतात.

२०१४ चा प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. ऑस्ट्रियात माणसांच्या हाताखाली वाढलेल्या टकल्या आयबिसच्या १४ पिल्लांना एका हलक्या विमानामागे इटलीपर्यंत नेण्यात आले. आयबिस म्हणजे आपल्या शराटीचा नातेवाईक. स्टीव्हन पोर्तुगाल आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर जीपीएस आणि त्वरणमापक बसवला. पक्षी पुढच्याच्या मागे साधारण ४५ अंशात राहिले, सिद्धांताने सांगितलेल्या जागी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंख मारण्याची लय. पुढच्याचे पंख वर-खाली जातात तसा त्याच्या टोकाचा भोवराही मागे लाटेसारखा वर-खाली राहतो, आणि मागचा पक्षी आपल्या पंखाचे टोक त्याच लाटेवरून नेतो. चुकून थेट मागे आला तर लय उलटी करून खाली जाणारी हवा टाळतो. १९७० च्या न हलणाऱ्या पंखांच्या गणितात हे शिरूच शकत नव्हते. त्याच थव्याच्या नोंदींतून पुढच्या वर्षी हेही दिसले की पक्षी जोडीजोडीने पुढे राहण्याची पाळी वाटून घेतात. म्हणजे स्लाइडवरच्या दुसऱ्या ओळीला, निदान आयबिसपुरता, आधार मिळाला. ओरडून हुरूप देण्याची तिसरी ओळ मात्र मी काढून टाकली आहे. हंस ओरडतात हे खरे, पण त्यामागचा हुरूप कुठल्या यंत्राने मोजायचा ते मला माहीत नाही.

दुसरा दावा एव्हरेस्टचा. लॉरेन्स स्वान हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ, पण जन्म दार्जिलिंगचा, १९२२ चा. घरून हिमालय दिसायचा आणि तोच आयुष्याचा विषय झाला. १९७० मध्ये त्यांनी 'नॅचरल हिस्टरी' मासिकात हिमालयातल्या हंसावर लेख लिहिला. एप्रिलच्या सुरुवातीची थंड, निश्चल रात्र. ते मकालूच्या पायथ्याशी बारुण हिमनदीजवळ उभे, आणि वर, फार वर, उत्तरेकडे जाणाऱ्या हंसांचा आवाज. ते मकालूच्या माथ्यावरून गेले असावेत असे त्यांना वाटले. मकालू आठ हजार चारशे मीटरांहून उंच आहे. त्यांनी हंस पाहिले नव्हते, ऐकले होते. अंधारात आवाजावरून उंची किती अचूक कळते, हे तुम्हीच ठरवा. लेख सुंदर आहे आणि त्यात लबाडी काही नाही. पण पुढे 'ऐकले'चे 'पाहिले' झाले, मकालूचे एव्हरेस्ट झाले आणि 'असावेत'चे 'जातात' झाले.

यंत्राने काय सांगितले

एव्हरेस्टवरून उडायचे तर काय लागेल, ते आधी कागदावर पाहू. प्रमाण वातावरणात ८,८४९ मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ३९ टक्के उरते. तेवढीच लिफ्ट मिळवायला वेग १.६ पट हवा आणि शक्तीही त्याच पटीत. ऑक्सिजन मात्र जेमतेम एक तृतीयांश. गरज दीडपटीहून जास्त, पुरवठा तिसरा हिस्सा. हॉल्डेनचा हिशेब आठवा: हंस आधीच मर्यादेजवळ आहे.

पट्टकदंबाकडे तयारी आहे, यात वाद नाही. त्याच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ११९ व्या जागी इतर हंसांमध्ये प्रोलीन असते तिथे ॲलनीन आहे. या एका बदलाने विरळ हवेतूनही ते ऑक्सिजन घट्ट पकडते. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, ही मदत वेगळी. पण तयारी असणे आणि ती शेवटच्या टोकापर्यंत वापरणे यांत फरक आहे.

२०११ मध्ये ल्युसी हॉक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात बीएनएचएसचे एस. बालचंद्रन यांच्यासारखे भारतीय संशोधकही होते, आणि भारतात पकडून पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर लावलेले हंस होते. जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघून हंस सात-आठ तासांत हिमालयाची चढण चढतात असे दिसले. दुपारी दऱ्यांतून वर वाहणारा वारा ते वापरत असतील, हा जुना तर्क खोटा ठरला. ते रात्री आणि पहाटे चढतात, वारा पडलेला असताना. का? रात्री हवा थंड, म्हणून दाट. तिथल्या तापमानाला १५ अंशांचा फरक घनतेत साडेपाच टक्क्यांच्या आसपास भर घालतो. शिवाय वादळी झोत नसतात. स्वान यांनी आवाज रात्री ऐकला होता, हे इथे चपखल बसते.

उंचीचे काय? नोंदलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर, आणि जवळजवळ सगळ्या नोंदी, ९५ टक्के, ५,४८९ मीटरच्या आतल्या. हंस शिखरे ओलांडत नाहीत. ते खिंडींतून आणि दऱ्यांतून जातात.

२०१५ मध्ये चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांनी मंगोलियातल्या काही हंसांच्या शरीरात हृदयाचे ठोके, त्वरण आणि दाब नोंदणारी यंत्रे बसवून पाठवले. पुढच्या वर्षी परत आलेल्यांकडून नोंदी मिळाल्या. अभियंता म्हणून माझी अपेक्षा सरळ होती: एकदा उंची कमावली की ती सोडू नये, विमाने तसेच करतात. हंस तसे करत नाहीत. ते जमिनीला धरून उडतात. डोंगर आला की वर, दरी आली की खाली, कमावलेली उंची घालवतात आणि पुन्हा कमावतात. कारण उंचावर टिकून राहणेच महाग आहे. विरळ हवेत पंख जरा जोरात मारावे लागतात, आणि पंखांचा वेग पाच टक्क्यांनी वाढला तर हृदयाचे ठोके १९ टक्क्यांनी वाढतात. पुन्हा चढण्याचा खर्च त्यापेक्षा स्वस्त पडतो. संशोधकांनी याला 'रोलर कोस्टर' म्हटले. कोकण रेल्वे होण्याआधी घाटातून एसटीने प्रवास केलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

यावर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. संस्कृत काव्यात मानसरोवराला जाणारे हंस ठरलेलेच, आणि कालिदासाच्या 'मेघदूता'त हिमालयातल्या एका खिंडीला हंसांचे दार म्हटले आहे. तो पुरावा नव्हे. पट्टकदंब मार्च ते मे दरम्यान परततो आणि यक्षाचा मेघ आषाढात निघतो, त्यामुळे कवीचे हंस हेच, असे मी म्हणणार नाही. पण डोंगरातून जायला हंसाला दार लागते, हे त्या कल्पनेत आहे आणि माझ्या स्लाइडमध्ये नव्हते.

ती मुलगी पास होऊन गेली. गेल्या डिसेंबरात मी सध्याच्या तिसऱ्या वर्षाच्या सात-आठ जणांना संध्याकाळी सांत्रागाछी झिलेवर नेले. रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. पाण्यावर बहुतेक अडई बदके, म्हणजे शिट्टी घालणारी छोटी तपकिरी बदके. ही हिमालयापलीकडून येत नाहीत, देशातल्या देशात फिरतात. अंधारू लागल्यावर ती चरायला उठली, लहान लहान विस्कळीत पुंजक्यांनी, रेल्वेच्या तारांच्या थोड्याच वरून. व्ही कुठेच नव्हता. मुलांनी दुर्बिणी खाली ठेवल्या आणि मोबाइलवर व्हिडिओ घेतला. एका मुलाने वसतिगृहात जाऊन फ्रेम मोजून त्यांच्या पंखांचा वेग काढून आणला आहे. त्याचा आकडा मला थोडा जास्त वाटतो. कॅमेऱ्याचा फ्रेम रेट त्याने तपासला होता का, हे उद्या विचारायचे आहे.